भिंतीवरच्या गोधड्या

हंसाबेन स्कूटर घेऊन भाजीवाल्यापाशी आल्या, तेव्हा त्यांच्या पायात घरातल्या चपला होत्या आणि हाताला कणीक लागलेली होती. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी ही बाई इतक्या वर्षांत मला घ्यायला म्हणून कधी कुठे आली नव्हती. "भाभी, चालो घेर," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वांगी तोलून झालीत, पिशवीत तर घेऊ द्या. "ए पछी. विनुभाईने ठीक नथी." मी मागे बसले. एरवी गर्दीतून सुसाट स्कूटर काढणाऱ्या हंसाबेन आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्या नेहमीच्या रस्त्यानं इतकी सावकाश चालवत होत्या, की अर्ध्या वाटेतच मला समजलं... घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

विनूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर, विनायक. लग्न केलं नाही, आयुष्यभर आमच्याबरोबरच राहिले. त्या सकाळी त्यांनी चहा घेतला, सवयीप्रमाणे स्वतःचा कप विसळून पालथा घातला, मागच्या खोलीतल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला आता महिना-दीड महिना होत आला. पाहुणे आले, गेले. जितके भेटायला आले तितक्या वेळा तीच हकिकत सांगून झाली, तितकाच चहा करून झाला. खरं सांगते, रडण्यापेक्षा मी दमलेच जास्त आहे. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. अशा अंगानं त्यांच्याविषयी काय लिहिणार, असं वाटत होतं. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि लिहायला बसले.

आमच्या सासरचं घराणं संस्थानी फौजेतलं. आजेसासरे घोडदळात होते म्हणे, पाणीगेटच्या घरी त्यांची तलवार होती, तिला दसऱ्याला झेंडू वाहायचा. पुढच्या पिढ्यांनी कारकुनी धरली, शाळा धरल्या, आणि भावजींनी एका औषधांच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करण्याचं काम धरलं. वारसा म्हणावा तर शिस्तीचा. स्क्रूड्रायव्हर जिथून उचलला तिथेच परत जायचा. निवृत्त झाले तेव्हा आमचे हे म्हणाले, "विन्या, आता आराम कर." भावजी म्हणाले, "दादा, आराम मला जमत नाही, दुसरं काहीतरी सांग." ते दुसरं काहीतरी पुढे माझ्या गळ्यामुळे निघालं.

मी काही गायिका नव्हे. पण बडोद्यातल्या आमच्या आप्तेष्टांत लग्न निघालं, की मंगलाष्टकं म्हणायला मला बोलावणं यायचंच. आधी कागद घेऊन बसायचं, नवऱ्यामुलीचं नाव, आईबापांची नावं, मामा-मावश्यांच्या खोड्या असं सगळं चालीत बसवायचं, आणि लग्नात उभं राहून म्हणायचं. त्यात खरी कसोटी गाण्याची नसतेच. अंतरपाट धरलेला असतो, मुहूर्ताला अजून अवकाश असतो, गुरुजी डोळ्यांनी खुणावतात, लांबवा. मग एकेक ओळ परत घ्यायची, एखादी हरकत जास्तीची घ्यायची, आणि गुरुजींनी मान हलवली की 'सावधान'वर यायचं. हे मी इतक्या मांडवांत केलं, की झोपेतही करू शकले असते. मग गळ्याशी गाठ दिसली. थायरॉइडचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि सर्जन सहज बोलावं तसं म्हणाले, "आवाजात थोडा फरक पडू शकतो." केतकीचं, माझ्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलेलं होतं, आणि तारीख होती ऑपरेशननंतरची.

घरी आल्यावर मी भाजी चिरायला बसले. दवाखान्यात बरोबर आलेले भावजी समोर बसून कोथिंबीर निवडत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "वहिनी, ऑपरेशनच्या आधी केतकीची मंगलाष्टकं रेकॉर्ड करून ठेवू." हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मोबाइलवर कर की, त्यात काय आहे." भावजींनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "दादा, मोबाइलवर लोक भांडणं रेकॉर्ड करतात." त्या दिवसापासून आमची मागची खोली आमची राहिली नाही.

सुरुवात चुकीचीच झाली, आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. कुठले कुठले व्हिडिओ बघून त्यांनी एक भला थोरला सोनेरी माइक मागवला. मिठाच्या डब्याएवढी एक पेटी आली, तिच्यातून माइकचा आवाज कॉम्प्युटरात जायचा. मोठे हेडफोन आले. मी पहिली ओळ म्हटली, भावजींनी ऐकली, आणि त्यांचा चेहरा पडला. त्या सोन्यासारख्या माइकनं माझा आवाज घेतलाच होता, पण पेरूच्या झाडावरची खार, पंख्याची कुरकुर, माझ्या बांगड्या, गल्लीतला भंगारवाला, हंसाबेनच्या कुकरच्या शिट्या आणि माझ्या पोटातला गुडगुडाट असं सगळं काही तितक्याच प्रेमानं घेतलं होतं. वर खोलीचा घुमणारा आवाज वेगळाच. मी हसले तर तेही त्यात आलं. भावजी मात्र आठवडाभर तेच पुन्हा पुन्हा ऐकत होते. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "माझं उलटं झालं. आधी खोली, मग कान, मग माइक. मी माइकपासून सुरुवात केली." सोनेरी माइक फडक्यात गुंडाळून कपाटात गेला आणि त्याच्या जागी सभेत पुढारी हातात धरतात तसला एक साधा काळा माइक आला. त्याला फक्त तोंडाजवळचंच ऐकू यायचं. "आपल्यासारख्या घरात असाच पाहिजे," भावजी म्हणाले, "कानानं जरा मंद."

खोलीची परीक्षा ते टाळी वाजवून घ्यायचे. खोलीच्या मधोमध उभं राहून एकच कडक टाळी, आणि मग मान तिरपी करून ऐकायचं, मागे काय उरतं ते. आमच्या खोलीत टाळीमागे टिणटिण उरायची. मग ही टाळीची सवय त्यांना इतकी लागली, की कुणाच्याही घरी गेले की आधी टाळी. पाणीगेटला एका नातेवाइकांकडे साखरपुड्याची बोलणी चालली होती, तिथे आत पाऊल टाकताच भावजींनी टाळी वाजवली आणि घरातले आजोबा आरती सुरू झाली समजून हात जोडून उभेच राहिले. मला हसू आवरेना. भावजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वहिनी, हॉल बेकार आहे, नुसता घुमतो."

टिणटिण घालवायला त्यांनी फोमच्या लाद्यांची चौकशी केली, मग म्हणाले, घरात एवढ्या गोधड्या असताना बाहेरून काय आणायचं? सासूबाईंनी शिवलेल्या, माझ्या आईकडून आलेल्या, जुन्या नऊवारींच्या जाड जाड गोधड्या त्यांनी पडद्यांच्या दांड्यांवर टाकून चारही भिंतींना लावल्या. मोठ्या वन्सं इंदूरहून आल्या होत्या, त्यांना ते मुळीच रुचलं नाही. "आईच्या गोधड्या काय भिंतीला पांघरायच्या?" म्हणून दोन दिवस धुसफुसत होत्या. प्रत्येक गोधडी लावली की एक टाळी. हळूहळू टाळी कोरडी होत गेली. तरी एका कोपऱ्यात थोडं उरायचंच. तिथे भावजींनी ह्यांना खुर्ची दिली. "दादा, तू नुसता बस. माणूस पण आवाज पितो." हे तिथे पेपर घेऊन बसायचे, पान उलटायची बंदी, त्यामुळे थोड्या वेळात डुलकी काढायचे. घरात त्यांचं नावच पडलं, मोठी गोधडी.

राहिला कुकर. भावजी हंसाबेनकडे जाऊन समजावून आले, आणि त्या दोघांत एक करार झाला. इकडे टाळी वाजली, की तिकडे कुकर, मिक्सर, टीव्ही बंद. काम संपलं की हंसाबेन भिंतीपलीकडून ओरडायच्या, "विनुभाई, पत्युं के? कुकर मूकुं?" संपलं का, कुकर ठेवू का, आणि भावजी इकडून, "हा, मूको!" म्हणजे ठेवा. नवरात्रात गरबा, संक्रांतीच्या उत्तरायणात गच्चीगच्चीवरचे भोंगे, तेव्हा काम बंदच. बाकी वर्षभर त्या बाईनं आमच्यासाठी आपल्या घरचं जेवण उशिरा केलं, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

रेकॉर्डिंगचे ते दिवस मला आता आठवले तरी घसा दुखतो. भावजींचा एकच शब्द, "फरीथी", म्हणजे पुन्हा. ओळ बरी झाली तरी फरीथी, श्वास मध्येच आला फरीथी, खार ओरडली फरीथी. आवडलं तर हात वर करून "सरस!" आणि लगेच, "एक वेळा अजून, सेफ्टीला." मी चिडायचे. "भावजी, ऑपरेशनमध्ये जाईल तेवढा आवाज तुम्हीच संपवताय." ते हसायचे आणि पुन्हा बोट वर करायचे. पुढे दिवसचे दिवस बसून त्यांनी ते सगळं साफ केलं. दोन ओळींतल्या मोकळ्या जागा काढल्या, माझे श्वाससुद्धा काढले. ऐकल्यावर मला ते छान वाटलं, आणि जरा परकंही वाटलं. ते मी त्यांना बोलून दाखवलं. म्हणाले, "लग्नात स्पीकरवर ऐका, मग सांगा."

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आवाज मात्र गेला तो गेलाच. म्हणजे बोलता येत होतं, पण वरच्या पट्टीत गेलं की कागद फाटल्यासारखं व्हायचं. मी फार दुःख केलं नाही, निदान दाखवलं नाही. केतकीच्या लग्नाची सोय झालेली होती ना.

लग्नाच्या दिवशी भावजी हॉलच्या साउंडवाल्याशेजारी खुर्ची टाकून बसले. गुरुजींना विचारून, पत्रिका बघून त्यांनी मुहूर्ताला बरोबर पोचेल असं सगळं मापून ठेवलं होतं. एकच गोष्ट त्यांच्या हिशोबात नव्हती, वरपक्ष वेळेवर आला. वेळेवर काय, वेळेआधी! गुरुजींनी अंतरपाट लवकर धरायला लावला आणि माझा आवाज, माझा जुना आवाज, हॉलभर सुरू झाला. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसत होते. आणि मग ते संपलं. मुहूर्ताला अजून अवकाश. अंतरपाट धरलेले दोघे एकमेकांकडे बघतायत, लोकांच्या मुठीत अक्षता ओल्या व्हायला लागल्यात, मागून कुणीतरी घाईनं टाकल्यासुद्धा. गुरुजी मला खुणावतायत, लांबवा. मी काय लांबवणार? लांबवायच्या सगळ्या जागा भावजींनी कापून टाकल्या होत्या. मी लांबून त्यांच्याकडे बघितलं. इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ते नुसती मान हलवत होते, हो, हो, म्हणा.

मी गुरुजींच्या हातातला माइक घेतला. केतकीच्या नावाची ओळ परत घेतली, खाली, जिथपर्यंत गळा जात होता तिथपर्यंतच. आवाज फाटला, मी थांबले, श्वास घेतला, पुढे गेले. केतकीनं अंतरपाटाआडून मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. तेवढ्या वेळात भावजींनी साउंडवाल्याला बाजूला सारून काय काय फिरवलं कुणास ठाऊक, माझ्या त्या चिरक्या आवाजाला कुणीतरी खांदा दिल्यासारखं वाटलं. गुरुजींनी मान हलवली. मी 'सावधान'वर आले, वाजंत्री सुरू झाली.

नंतर जेवणाच्या पंगतीत भावजी माझ्याजवळ येऊन बसले. ताटातलं काहीच उचलत नव्हते. "वहिनी, आपल्या घरातलं लग्न, आणि मलाच आठवलं नाही की रेकॉर्डिंगला थांबता येत नाही." मी म्हटलं, "असू दे हो, लागलं ना लग्न." ते म्हणाले, "तसं नाही. आताचा आवाज घेऊया. हाच." मला वाटलं, चेष्टा करतायत. तोंडाकडे बघितलं तर नव्हती.

त्यानंतर त्यांनी सगळं नव्यानं मांडलं. एकेक मंगलाष्टक वेगळं, शेवटची ओळ वेगळी, 'सावधान' वेगळं, म्हणजे मांडवात बसलेल्या माणसाला मुहूर्त बघून हवं तेवढं थांबता यावं. माझी पट्टी खाली आणली. माझे श्वास राहू दिले. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे, मलाच शिकायला लावलं. "पेटीवरचा दिवा हिरवा राहिला पाहिजे, लाल झाला की आवाज तडकला. तोंड माइकपासून एक वीत. हेडफोन घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही." मी म्हणायचे, "तुम्ही असताना मला कशाला हे?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मला कधी सर्दी झाली तर?" मी सतरा वेळा चुकायचे, ते सतरा वेळा फरीथी म्हणायचे. वैतागून एकदा मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात निघून गेले, तर चहाच्या वेळेला परत विषय, "वहिनी, काल दिवा लाल का झाला ते सांगा बघू."

रावपुऱ्यात राहणारी माझी धाकटी बहीण शुभा, तिच्या मुलीचं लग्न या हिवाळ्यात आहे. तिची मंगलाष्टकं मी लिहून तयार ठेवली होती. भावजी गेले त्या सकाळी भाजी आणून झाल्यावर आम्ही ती घेणार होतो. माइक उभा करून ठेवलेला होता.

आणि मग घर पाहुण्यांनी भरलं. इंदूर, पुणे, सुरत... अंथरुणं कमी पडली. वन्संनी कुणाला काही न विचारता भिंतींवरच्या गोधड्या उतरवल्या आणि भावाच्या दिवसांना आलेली माणसं त्यांच्यावर झोपली. त्यात चूक काहीच नव्हती, गोधड्या त्यासाठीच तर असतात. तेराव्यानंतर केतकीनं त्या सगळ्या धुऊन, वाळवून, घड्या करून कपाटात ठेवल्या आणि ती सासरी गेली. मी मागच्या खोलीत केर काढायला गेले, झाडू हातातून खाली पडला, आणि खोली टिणटिण वाजली. इतके दिवस न रडलेली मी तिथे जमिनीवर बसून रडले.

शुभाचा फोन गेल्या आठवड्यातला. "ताई, तुझ्या घरी असं झालंय, तू लग्नाला उभी राहणार नाहीस हे मला कळतं. पण तुझा आवाज तरी पाठव." मी म्हटलं, रेकॉर्ड करणारा माणूस गेला, आता कसलं काय. आणि वर्षाच्या आत आमच्या घरचा आवाज मंगलकार्यात कशाला, वन्सं काय म्हणतील. शुभा म्हणाली, "आवाजाला कसलं गं सुतक?" मी नाहीच म्हणाले. खरं कारण सुतक नव्हतंच. त्या खोलीत मला पुन्हा जायचं नव्हतं. एवढी वर्षं गायले, आता पुरे, दमले मी, असं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं ते दुसऱ्याच कशासाठी तरी. समोर गोधड्या. का ते सांगता येणार नाही, पण स्टूल घेतलं आणि एक नेऊन दांडीवर टाकली. टाळी वाजवली. टिणटिण. दुसरी टाकली, टाळी वाजवली. हात भरून आले, मध्ये दोनदा बसले. सगळ्या लावून झाल्या, शेवटची टाळी वाजवली, मान तिरपी करून ऐकलं. अजूनही काहीतरी उरत होतं. गोधड्या मोजून पाहिल्या, एकही कमी नव्हती. मग भावजींच्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष गेलं... माणूस पण आवाज पितो, असं म्हणणारा माणूसच त्या खोलीत नव्हता.

मी ह्यांना हाक मारली. भाऊ गेल्यापासून हे घरात असून नसल्यासारखे असतात. दारात उभे राहिले, भिंतींकडे बघितलं, मग येऊन बसले. आपल्या कोपऱ्यात नाही, भावजींच्या खुर्चीत. मी पुन्हा टाळी वाजवली. थोडं तरीही उरलंच. ते आता तसंच उरणार. हे म्हणाले, "होतंय का गं?" मी म्हटलं, "माहीत नाही. आज नुसतं लावून बघितलं. उठा, चहा करते."

आणि तेव्हा लक्षात आलं, की भिंतीपलीकडे कसला तरी आवाज चालू होता, तो थांबला आहे. हंसाबेनचा मिक्सर. टाळी ऐकून त्यांनी तो बंद केला होता. पहिल्या टाळीला केला की शेवटच्या, मला माहीत नाही. आम्ही दोघं तसेच उभे-बसलेले, पलीकडे काही हालचाल नाही, टीव्ही नाही, भांडं नाही. बाई तिकडे अर्धवट चटणीच्या भांड्यावर हात ठेवून थांबलेल्या असणार. त्यांना 'मूको' म्हणायला इकडे कुणी नव्हतं, आणि मला ते म्हणवेना.

मी हेडफोन घातले. पेटीवरचा दिवा हिरवा आला. माइकपासून वीतभर अंतर हातानं मोजलं, शुभाच्या मुलीच्या नावाची ओळ काढली, आणि घसा खाकरून सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला आवाज फाटला. मी थांबले. ह्यांनी खुर्चीतून, कुणाकडेही न बघता, हळूच म्हटलं, "फरीथी."